दोलकापासून सेन्सरपर्यंत : शाळेतल्या मोजमापाचा इतिहास



आपल्या १९८४ च्या दहावीच्या तुकडीने शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेसाठी निधी जमवायचे ठरवले, तेव्हापासून ग्रुपवर दोन पक्ष पडले आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, बाजारात मिळते तशी तयार ‘डिजिटल लॅब’ घ्यावी, भिंतीवर मोठा पडदा बसवावा आणि दारावर तुकडीच्या नावाची पाटी लावावी. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, हे सेन्सर-बिन्सर म्हणजे चार दिवसांचे फॅड आहे. त्यापेक्षा मुलांना भरपूर परीक्षानळ्या, तराजू आणि दोन चांगले सूक्ष्मदर्शक द्यावेत.

मी साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात सव्वीस वर्षे नोकरी केली. बॉयलरचे तापमान, वाफेचा दाब, रसाचा सामू मोजणारी उपकरणे बसवायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, हेच माझे काम. निवृत्तीनंतर गेली दोन वर्षे शनिवारी सकाळी आपल्याच शाळेत आठवी-नववीच्या मुलांबरोबर सेन्सरचे छोटे छोटे प्रयोग करतो. म्हणूनच बहुधा संपादक मंडळाने हा विषय माझ्या गळ्यात घातला. दोन्ही पक्षांच्या मित्रांची क्षमा मागून मी आधी थोडा इतिहास सांगणार आहे. शाळेत मोजायचे कसे, कोणी आणि कशासाठी, हा प्रश्न आपल्या निधीपेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि त्याची काही उत्तरे आधीच मिळालेली आहेत.

आपली प्रयोगशाळा

आपल्या वेळची प्रयोगशाळा आठवा. एक लाकडी कपाट, एक लांब टेबल, स्पिरिटचे दिवे, तिवया, चंचुपात्रे, दोन तापमापी आणि भिंतीवर आवर्तसारणीचा तक्ता. वर्गात साठ मुले आणि साहित्याचा संच एक. त्यामुळे एकाने करायचे आणि बाकीच्यांनी माना उंचावून पाहायचे, असा तो प्रकार होता. त्यातही भौतिकशास्त्राच्या सरांचा साधा दोलक मात्र सगळ्यांच्या लक्षात असेल. दोऱ्याला गोळी बांधून, वीस आंदोलने मोजून, एकूण वेळेला वीसने भागायचे.

वीसच का? एक मीटर लांबीच्या दोलकाला एका आंदोलनाला साधारण दोन सेकंद लागतात. स्टॉपवॉचचे बटण दाबताना माणसाचा हात सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतका सहज चुकतो. एकच आंदोलन मोजले तर ही चूक दहा टक्क्यांची होते. वीस मोजली तर तीच चूक वीस जणांत वाटली जाते आणि उत्तर हाती लागते. सरांचा दुसरा नियम आणखी महत्त्वाचा होता. प्रयोगशाळेत खोडरबर आणायचा नाही. वाचन शाईने लिहायचे, आणि ते कितीही विचित्र आले तरी खोडायचे नाही, शेजारी लिहायचे, “हे असे का?” पुढे सांगतो त्या सगळ्या इतिहासात हा नियम पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

हाताच्या या मर्यादेशी गॅलिलिओही झगडला होता. वस्तू सरळ खाली पडू दिली तर ती एक मीटर अंतर अर्ध्या सेकंदाच्या आतच कापते. ते मोजायला त्याच्याकडे घड्याळ नव्हते. म्हणून त्याने पडण्याचा वेगच मंद केला. उतरत्या फळीला खाच पाडून तिच्यातून पितळी गोळी सोडली, आणि वेळ मोजायला पाण्याच्या मोठ्या भांड्यातून बारीक धार सोडून, गोळी खाली पोहोचेपर्यंत साठलेले पाणी तराजूत तोलले. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हे वर्णन आहे. थोडक्यात, वेळ मोजता येईना तर तो तोलायचा! शाळेतल्या कल्पक प्रयोगांचा मूळपुरुष म्हणून गॅलिलिओचे नाव घ्यायला हरकत नाही.

विचित्र वाचनातून जन्मलेले सेन्सर

सेन्सर हा शब्द नवा वाटतो, पण वस्तू जुनी आहे. तापमान, उजेड, दाब, आवाज यांपैकी काही बदलले की ज्याच्या विजेच्या गुणधर्मात बदल होतो तो सेन्सर, एवढीच त्याची व्याख्या पुरे. १८३३ साली मायकेल फॅरडे यांना आढळले की सिल्व्हर सल्फाइड तापवले की त्याचा विद्युतरोध कमी होतो. धातूंचे नेमके उलटे असते. तापले की त्यांचा रोध वाढतो. म्हणजे आलेले वाचन ‘चुकीचे’ होते. फॅरडेंनी ते खोडले नाही, नोंदवून ठेवले. आज पाच-दहा रुपयांना मिळणाऱ्या थर्मिस्टरचे मूळ तिथे आहे.

उजेडाच्या सेन्सरची गोष्ट याहून गमतीची आहे. समुद्राखालून तारायंत्राच्या केबली टाकण्याच्या काळात विलोबी स्मिथ या इंग्रज इंजिनिअरला केबलच्या तपासणीसाठी मोठ्या रोधाचा पदार्थ हवा होता. त्याने सेलेनियमच्या कांड्या वापरून पाहिल्या, पण त्यांचा रोध काही स्थिर राहीना. कांड्या बंद पेटीत असल्या की वाचन एक आणि झाकण उघडले की दुसरे. इन्स्ट्रुमेंट विभागातला माणूस म्हणून सांगतो, अशा वेळी ‘माल खराब आहे’ म्हणून परत पाठवणे सोपे असते. स्मिथने १८७३ साली कारण जाहीर केले : सेलेनियमचा रोध उजेडाप्रमाणे बदलतो. रस्त्यावरचे दिवे संध्याकाळी आपोआप लावणाऱ्या एलडीआरची वंशावळ या ‘खराब माला’पर्यंत जाते. १८८० साली पिएर आणि जाक क्युरी या भावांना क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार येतो असे दिसले. आपल्याकडे कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांनी झाडाची क्षणाक्षणाची वाढ काजळी धरलेल्या काचेवर आपोआप उमटवणारा क्रेस्कोग्राफ तयार केला. मोजणारे आणि नोंदणारे यंत्र एकत्र आल्याचे ते उत्तम उदाहरण होते.

इतके सगळे हाताशी असूनही हे शंभर वर्षे शाळेच्या दारापर्यंत आले नाही, कारण सेन्सर स्वस्त असला तरी त्याचे म्हणणे वाचणारे आणि लिहून ठेवणारे यंत्र महाग होते. संशोधन संस्थेला आणि कारखान्याला ते परवडे, शाळेला नाही.

कागदाच्या पट्टीवरचे ठिपके

शाळेसाठी पहिला मोठा उपाय निघाला तो अगदी साध्या वस्तूतून, दाराच्या घंटेतून. अमेरिकेत १९५६ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जेरोल्ड झकारियास यांच्या पुढाकाराने शालेय भौतिकशास्त्राची नव्याने मांडणी करणारी समिती बसली. पुढच्याच वर्षी रशियाने स्पुटनिक सोडला आणि अशा कामांना पैशांची वाण राहिली नाही. या नव्या अभ्यासक्रमाने विद्युतघंटेच्या रचनेवर चालणारा टायमर मुलांच्या हाती दिला. कंप पावणारी पट्टी खालून सरकणाऱ्या कागदी फितीवर ठरावीक वेळाने ठिपके मारते. फितीचे टोक गाडीला चिकटवायचे आणि गाडी सोडायची. ठिपके जवळजवळ पडले तर गाडी संथ, लांब लांब पडले तर वेगवान. इंग्लंडमध्येही साठच्या दशकात नफील्ड प्रकल्पाने हेच साधन घेतले. तिथल्या घरगुती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने सेकंदाला पन्नास ठिपके पडत. मुले दहा-दहा ठिपक्यांचे तुकडे कापून वहीत शेजारी शेजारी चिकटवत. त्या तुकड्यांचाच वेगाचा आलेख तयार होई.

कात्री आणि खळ घेऊन केलेला हा आलेख मला आजही फार आवडतो. आकडे कुठून आले हे त्यात मुलाला डोळ्यांनी दिसते. उणीव एकच होती. गाडी धावे आत्ता आणि आलेख तयार होई अर्ध्या तासाने. तोवर गाडी कशी धावली हे मूल विसरलेले असे.

कॅमेऱ्यातला सेन्सर वर्गात येतो

ही उणीव भरून काढली लहान संगणकांनी. अमेरिकेत केंब्रिज गावच्या ‘टर्क’ या संस्थेत रॉबर्ट टिंकर आणि त्यांचे सहकारी संगणकाला तापमान, आवाज, उजेड आणि हालचाल यांचे सेन्सर जोडून शाळेसाठी प्रयोग तयार करू लागले. त्याच सुमारास, १९७८ साली, पोलरॉइड कंपनीने श्राव्यातीत ध्वनीने अंतर ओळखून आपोआप फोकस करणारा कॅमेरा बाजारात आणला होता. वटवाघळाची युक्ती! कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडायचा, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे आणि अंतर काढायचे. एक मीटरवरच्या वस्तूपर्यंत जाऊन यायला ध्वनीला सहा सहस्रांश सेकंदही लागत नाहीत. फोटोसाठी केलेला हा सेन्सर शिक्षणाचे काम करणाऱ्यांनी संगणकाला जोडला आणि त्याच्यासमोर मुलालाच चालायला लावले. मूल पुढे गेले की पडद्यावरची रेघ खाली, मागे सरले की वर, थांबले की आडवी. मुलाचे स्वतःचे चालणे त्याच क्षणी आलेख होऊन समोर येऊ लागले.

याचा उपयोग किती, हे मोजूनही पाहिले गेले. १९८७ साली जॅनिस मोक्रोस आणि टिंकर यांनी दाखवले की अनेक मुले आलेखाकडे चित्र म्हणून पाहतात. सायकलस्वार टेकडी चढून उतरला तर त्याच्या वेगाचा आलेखही ती टेकडीसारखाच काढतात. खरे तर चढाला वेग कमी होतो, म्हणजे आलेख खाली यायला हवा. सेन्सर हाताळणाऱ्या मुलांचा हा गोंधळ लवकर दूर होत होता. त्याच वर्षी हेदर ब्रासेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी एका गटाला चालताना लगेच आलेख दाखवला आणि दुसऱ्या गटाला तोच आलेख वीस-तीस सेकंद उशिराने दाखवला. एवढ्याशा उशिराने शिकण्यातला जवळजवळ सगळा फायदा नाहीसा झाला. तयार ‘डिजिटल लॅब’ मागणाऱ्या मित्रांनी हा निष्कर्ष नीट वाचावा. फायदा मोठ्या पडद्याचा नव्हता, महागड्या यंत्राचाही नव्हता. आपण हललो आणि रेघ हलली, हे मुलाला स्वतःच्या अंगाने कळले, त्याचा तो फायदा होता.

याच काळात, १९८१ साली, ऑरेगॉन राज्यातले भौतिकशास्त्राचे एक शाळाशिक्षक डेव्हिड व्हर्निअर आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टीन यांनी शाळांसाठी अशी साधने करणारी कंपनी काढली. आडनाव ओळखीचे वाटले ना? आपल्या व्हर्निअर कॅलिपरला ज्याचे नाव आहे तो पिएर व्हर्निअर हा फ्रेंच गणिती. त्याने ती सरकती पट्टी १६३१ साली जगापुढे मांडली. आडनावे जुळली हा योगायोग, पण साडेतीनशे वर्षांच्या अंतराने दोन व्हर्निअर मोजमापाच्याच धंद्यात सापडावेत, याची मला गंमत वाटते.

आपल्याकडे

आपण दहावी झालो त्याच वर्षी, १९८४ मध्ये, केंद्र सरकारने शाळांत संगणक नेणारा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला. देशभरच्या निवडक अडीचशेच्या आसपास शाळांना पहिल्या फेरीत ‘बीबीसी मायक्रो’ हा इंग्लंडचा संगणक मिळाला. आपली शाळा त्यात नव्हती. या संगणकाची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याच्या पाठीमागे एक खाच होती आणि तिच्यात एका वेळी चार सेन्सर जोडता येत. म्हणजे थर्मिस्टर आणि एलडीआर घेऊन प्रयोगशाळेत ठेवण्याजोगे यंत्र होते ते. पण प्रकल्पाचा भर होता संगणक-साक्षरतेवर. त्यामुळे यंत्र गेले संगणकाच्या खोलीत, आणि विज्ञानाचा वर्ग राहिला शेजारच्या खोलीत. यंत्रात सोय असणे वेगळे आणि वर्गात ती वापरली जाणे वेगळे.

याउलट उदाहरणही आपल्याच देशातले आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांपासून एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. तिथे इलेक्ट्रॉनिक काही नव्हते. चार-चार मुलांच्या टोळीला स्वस्त साहित्याचा संच मिळे. प्रयोग मुलांनी करायचा, आकडे वर्गाने जमवायचे, निष्कर्ष चर्चेतून काढायचा. परीक्षेला पुस्तक आणि वही जवळ ठेवायला परवानगी. हा कार्यक्रम पुढे हजाराच्या घरात शाळांत पोहोचला आणि २००२ साली बंद झाला. पुण्याच्या टेल्कोतले इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तिथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीने आगकाड्या जोडून भूमितीचे आकार करायची त्यांची प्रसिद्ध युक्ती तिथलीच. पुढे त्यांनी पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात कितीतरी वर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी करवून घेतली. त्या केंद्राच्या इमारतीला सुनीताबाई देशपांडे यांनी पुलंच्या स्मरणार्थ देणगी दिली. इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचे हे नाव, आणि त्यात पु. ल. अलगद बसलेले! देणगीची पाटी कशी असावी याचा हा नमुना आपल्या तुकडीने पाहण्यासारखा आहे.

होशंगाबादची वृत्ती आणि इलेक्ट्रॉनिक सेन्सर यांची गाठ पडली ती दिल्लीत. तिथल्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्रात, जिथे अणुकेंद्रांवर संशोधन करणारे मोठे यंत्र आहे, बी. पी. अजित कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात ‘फिनिक्स’ हा प्रकल्प सुरू केला आणि त्यातून ‘एक्सपआइज’ ही हातात मावणारी पेटी तयार झाली. संगणकाला जोडली की ती विजेचा दाब मोजते, वेळ मायक्रोसेकंदांत मोजते आणि आलेख काढते. तिचे सॉफ्टवेअर मुक्त आहे. आतल्या जोडणीचा नकाशाही खुला आहे, कोणीही पाहून दुरुस्त करावी. मला हे शेवटचे फार मोलाचे वाटते. ज्या यंत्राचा नकाशा मिळत नाही ते बिघडले की कपाटात जाते, हे मी कारखान्यातही पाहिले आहे.

त्यानंतर सगळेच स्वस्त होत गेले. २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावी आर्डुइनो हा छोटा बोर्ड जन्मला. २०१६ साली बीबीसीने पुन्हा शाळेकडे मोर्चा वळवला आणि ब्रिटनमधल्या सातवीच्या मुलांना सुमारे दहा लाख ‘मायक्रोबिट’ फुकट वाटले. या वेळी हालचाल, चुंबकत्व, उजेड आणि तापमान ओळखायची सोय बोर्डावरच होती. त्याच वर्षी जर्मनीच्या आखेन विद्यापीठाने ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप काढले. आपल्या खिशातल्या फोनमध्ये जे सेन्सर आधीच आहेत ते प्रयोगासाठी मोकळे करणारे हे ॲप. त्यातल्या आवाजाच्या स्टॉपवॉचने गॅलिलिओची अडचण एका मिनिटात सुटते. टेबलाच्या कडेला फूटपट्टीवर गोळी ठेवायची, पट्टीला टिचकी मारून ती काढायची. टिचकीच्या आवाजाला वेळ सुरू, गोळी जमिनीवर आदळल्याच्या आवाजाला बंद. एक मीटर उंचीवरून उत्तर येते ०.४५ सेकंदाच्या आसपास. पाणी तोलायला नको.

आपल्या शाळेतले शनिवार

आता गेल्या दोन वर्षांत आपल्या शाळेत काय झाले ते सांगतो. साहित्य साधेच : काही थर्मिस्टर, एलडीआर, अंतर मोजणारे चार सेन्सर, आर्डुइनोचे चार बोर्ड आणि शाळेचेच जुने संगणक.

पहिला प्रयोग चहाचा. कपात आणि बशीत एकाच किटलीतला चहा ओतला, दोन्हींत थर्मिस्टर सोडले. बशीतला लवकर निवतो हे प्रत्येकाला आजोबांमुळे ठाऊक होतेच. पण दोन्ही रेघा आधी भराभर आणि मग हळूहळू खाली येतात, हे कोणाला ठाऊक नव्हते. “गरम असताना घाई, कोमट झाला की आळस,” असे एका मुलीने त्याचे वर्णन केले. न्यूटनचा शीतलनाचा नियम याहून सोप्या मराठीत मी ऐकलेला नाही.

दुसरा प्रयोग चालण्याचा. फळ्यावर आलेख काढायचा आणि तसाच आलेख पडद्यावर उमटेल असे चालून दाखवायचे. एकाने खोडसाळपणे सरळ उभी रेघ काढली. दोघा-तिघांनी धावून पाहिले, उडी मारून पाहिली, रेघ तिरकीच येई. शेवटी मागच्या बाकावरून उत्तर आले, “सर, एकाच वेळी सगळीकडे असायला लागेल. ते देवालाच जमेल.” अनंत वेग म्हणजे काय, हे त्या दिवशी कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

सेन्सर खरे बोलतो का, हेही मुलांनीच तपासले. बर्फाच्या पाण्यात थर्मिस्टर शून्याजवळ आला, पण उकळत्या पाण्यात ९८ दाखवू लागला. सेन्सर बिघडला असे सगळ्यांचे मत पडले. मग साधा तापमापी घातला, तोही ९८! आपले गाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभराच्या आतच उकळते. पुस्तकातले १०० समुद्रकाठचे. चाळीस वर्षांपूर्वी आपणही हे याच गावात, याच टेबलावर पाहू शकलो असतो. साठ जणांत दोन तापमापी होते म्हणून राहिले.

सेन्सरचा धोकाही याच जागी आहे. तो दशांश चिन्हापुढे दोन-तीन आकडे दाखवतो, आणि इतके आकडे दिसले की मोठी माणसेसुद्धा शंका विचारायची सोडतात. म्हणून दुसऱ्या पक्षाच्या मित्रांचे म्हणणे मी टाकून देत नाही. काचेचा तापमापी शेजारी हवाच, म्हणजे यंत्राला साक्षीदार राहतो.

तिसरा प्रयोग अजून चालू आहे. आपण जिथे खो-खो खेळायचो तिथे आता पत्र्याच्या दोन खोल्या झाल्या आहेत आणि सहावीच्या दोन तुकड्या तिथे बसतात. जुनी इमारत अजून कौलारू आहे. मुलांनी मार्च महिन्यात एका पत्र्याच्या खोलीत आणि एका कौलारू खोलीत दिवसभर तापमान नोंदवायचे ठरवले. पहिल्या दोन दिवसांत पत्र्याच्या खोलीच्या आलेखात रोज ठरावीक वेळी एक सुळका दिसला. सरांचा नियम सांगितला होता, म्हणून कोणी तो खोडला नाही. तिसऱ्या दिवशी दोघे जण त्या वेळी तिथे जाऊन बसले. पत्र्याच्या भोकातून आलेला कवडसा नेमका सेन्सरवर पडत होता. सेन्सर हवेचे नव्हे, स्वतःचेच तापमान सांगत होता. मग त्यांनी कागदी पेल्याला भोके पाडून त्यात सेन्सर सावलीत टांगला. हवामान खात्याच्या पांढऱ्या जाळीदार पेटीचे तत्त्व हेच. मुलांनी ते न सांगता शोधले.

त्यानंतरचे आलेख मी स्वतः पाहिले आहेत. सकाळी दोन्ही रेघा बरोबर निघतात. अकरानंतर पत्र्याची रेघ वर झेपावते आणि शाळा सुटेपर्यंत खाली येत नाही. कौलारू खोलीची रेघ मागून, सावकाश येते. सहावीचा गणिताचा तास नेमका त्या उंच भागात आहे. मुलांनी आलेख, तक्ता आणि एक अर्ज मुख्याध्यापक बाईंना दिला. आपल्या वेळी उकाड्याची तक्रार केली असती तर “आम्ही नाही शिकलो का?” हे उत्तर ठरलेले होते. कागदावरची रेघ मात्र तसे उत्तर देऊन मिटवता येत नाही. बाईंनी तो अर्ज शाळा समितीपुढे ठेवला आहे.

तुकडीपुढे प्रस्ताव

हा सगळा इतिहास वाचून मला एवढेच दिसते की, शाळेत तीच साधने टिकली जी मुलांच्या हातात होती, ज्यांच्या आत डोकावता येत होते आणि ज्यांच्या विचित्र वाचनाला वर्गात जागा होती. संगणकाच्या खोलीत कुलूपबंद राहिलेली खाच कोणालाही काही शिकवून गेली नाही. कागदाची पट्टी आणि आगकाडी शिकवून गेली.

म्हणून माझी सूचना अशी. तयार ‘लॅब’ न घेता पाच-पाच मुलांसाठी एक असे साधे, सुटे, दुरुस्त करता येणारे दहा संच घ्यावेत. प्रत्येक संचात सेन्सरबरोबर काचेचा तापमापी, फूटपट्टी आणि स्टॉपवॉचही असावे. पैशांचा एक भाग दरवर्षी तुटक्या तारा आणि जळलेले सुटे भाग बदलायला राखून ठेवावा. सगळ्यात आधी तोच खर्च विसरला जातो. विज्ञानाच्या शिक्षकांना सुट्टीत आठवडाभर हे संच स्वतः हाताळायला मिळावेत. आपल्यातले जे कोणी वायरमन, कंपाउंडर, बँकेतले किंवा माझ्यासारखे निवृत्त आहेत, त्यांनी वर्षातले चार-चार शनिवार द्यावेत. आणि एक जाड नोंदवही, जिच्यात प्रत्येक मोजमाप तारीख, वार, हवामान आणि मोजणाऱ्याच्या नावासह शाईने लिहिले जाईल. दहा वर्षांनी तीच शाळेची सर्वांत मौल्यवान वस्तू असेल.

पण त्याही आधी एक छोटा खर्च करावा, अशी माझी विनंती आहे. पत्र्याला वरून पांढरा रंग दिला तर ऊन परतवले जाते आणि आत कमी तापते, हे मुलांनी वाचले आहे. त्यांना ते करून पाहायचे आहे. रंग आणि रंगाऱ्याची मजुरी निधीतून सहज निघेल. मी मुलांना म्हटले, दोन्ही खोल्या रंगवून देऊ. त्यावर नववीतल्या एका मुलीने हात वर केला. “सर, आधी एकच रंगवा. महिनाभर दोन्ही मोजू. मग दुसरी.”

सहावीच्या दोन तुकड्यांपैकी रंगवलेली खोली कोणाला, यावर त्या वर्गांत वाद सुरू झाल्याचे कळते. मुलांनी तोडगाही काढला आहे : दर आठवड्याला खोल्यांची अदलाबदल. मेळाव्याच्या सभेत आपण मंजुरी दिली, तर दुसऱ्याच सोमवारी शिडी लागेल.